सदतीसचे काउबॉय बूट

बुटांच्या त्या कारखान्यात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. तिचा पाय बरोब्बर सदतीस नंबरचा, केसभरही इकडेतिकडे नाही, आणि त्या कारखान्यात बायकांच्या बुटांचा पहिला नमुना नेहमी सदतीस नंबरातच बनायचा. म्हणून ती सदतीस. कुणी सदतीसताई म्हणे, कुणी नुसतंच सदतीस. तिलाही त्याची इतकी सवय झाली होती, की दवाखान्यात नाव विचारलं तरी आधी सदतीसच तोंडात यायचं.

अकरा वर्षं ती पॅकिंगमध्ये उभी होती. हो, उभीच, पॅकिंगमध्ये खुर्ची नसते. बूट आला की फडक्याने पुसायचा, पोटात कागदाचा बोळा कोंबायचा, पातळ कागदात गुंडाळायचा आणि खोक्यात निजवायचा. ओरखडा दिसला तर बूट परत, आणि आपल्या बोटाचा ठसा दिसला तर आपली काही खैर नाही. संध्याकाळी टाचा अशा ठणकायच्या, की घराचा जिना चढताना पायरीगणिक ती मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. एरवी स्वभावाने गरीब होती हो.

तिचा डोळा होता नमुनाखोलीतल्या खुर्चीवर. खिडकीजवळची, गादीची खुर्ची. त्या खुर्चीतल्या बाईचं काम एवढंच, की नवा नमुना पायात चढवून हिंडायचं आणि तो कुठे चावतो, कुठे ढिला पडतो ते लिहून द्यायचं. आधीची बाई तिथे वीस वर्षं होती. मग वयामुळे तिचा पाय पसरला, अडतीसचा झाला, आणि खुर्ची गेली. बिचारी रडली. सदतीसलाही वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्याच दुपारी ती अर्ज घेऊन नमुनाबाईंच्या पुढ्यात उभी राहिली.

नमुनाबाई म्हणजे नमुनाखोलीच्या मुख्य. बोलायला एकदम फटकळ. त्यांनी अर्ज वाचलाही नाही.

"पाय आहे तुझा. पण नुसत्या पायावर खुर्ची मिळत नाही, डोकंही लागतं. हे घे." आणि त्यांनी टेबलावरून एक जोडी पुढे सरकवली.

काउबॉय बूट! विटकरी रंगाचे, पोटरीपर्यंत उंच, पुढून टोकदार, टाच आत कललेली. पोटरीभोवतीच्या नळीवर पांढऱ्या दोऱ्याची वेलबुट्टी, आणि बूट ओढून चढवायला वर दोन्ही बाजूंना कानासारखे दोन पट्टे. सदतीसने असले बूट फक्त पडद्यावर बघितले होते, तेही घोड्यावर बसलेल्या माणसांच्या पायात.

"विक्रीसाहेब म्हणतात, हे बनवायचेच नाहीत," नमुनाबाई म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, साध्या घरच्या बायकांच्या अंगावर हे सोंग दिसेल. बाई रस्त्याने निघाली की लोक वळून वळून बघतील. मला वाटतं नाही बघणार. चौदा दिवस तू हे घाल. तुझ्याच कपड्यांवर, तुझ्याच कामांना. रोज हे पत्रक भर. पंधराव्या दिवशी साहेबांसमोर बसू. काम नीट केलंस तर खुर्ची तुझी, नाहीतर आपलं पॅकिंग आहेच."

पत्रकात रकाने होते: किती तास घातले, कुठे गेलात, अंगात काय होतं, पायाला काय वाटलं. आणि शेवटचा रकाना, लोक काय म्हणाले.

घरी गेल्यावर लेकीने बूट बघितले आणि ती जवळजवळ किंचाळलीच. लेक कॉलेजात होती आणि फोनवर कपड्यांचे व्हिडिओ बघून बघून या विषयात आपला कुणी हात धरू शकणार नाही असं तिचं स्वतःचं मत होतं.

"आई, तू काही बोलू नकोस. सगळं माझ्यावर सोड."

आता आईने सोडलं सगळं. तिथेच चुकलं.

पहिल्या दिवशी लेकीने कुठून तरी झालरीचं जाकीट पैदा केलं, घट्ट जीन्स बुटात खोचली, आणि डोक्यावर शाळेच्या नाटकातली जुनी हॅट ठेवली. सदतीस बसथांब्यावर गेली. बस आली. ड्रायव्हरने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "ताई, घोडा कुठे बांधलात?" अख्खी बस हसली. तिने मुकाट्याने पत्रकात लिहिलं: ‘लोकांनी घोड्याची चौकशी केली.’

तिसऱ्या दिवशी जरीचा झगा आणि मोठाले कानातले. शेजारीण दारातच म्हणाली, "अगंबाई, कुणाचा समारंभ? आम्हाला बोलावणं नाही ते!" पाचव्या दिवशी लेकीने सगळं जुळवून आणलं: विटकरी स्कर्ट, विटकरी पट्टा, विटकरी पर्स, ओठसुद्धा विटकरी. त्या दिवशी सदतीस नणंदेच्या लाँड्रीत डोकावली. नणंद थोरली, नवऱ्याहून आठ वर्षांनी मोठी, सदतीस तिला वन्सं म्हणायची. वन्संनी हातातली इस्त्री बाजूला ठेवली, चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नकोस, पण सोफ्याचं कव्हर अंगावर घेऊन कुठे निघालीस?"

झालं. तेही रकान्यात गेलं.

आणि या सगळ्यात बाई बुटांना किती जपत होती म्हणता! चिखलाची बाजू सोडून चालायची. बसमध्ये पायाखाली वर्तमानपत्र अंथरायची. कारखान्यात पोचली की लगेच काढून पुसायची, आत कागदाचा बोळा, वर पातळ कागद, आणि खोक्यात. अकरा वर्षं हातांना तेच वळण लागलेलं. बूट म्हणजे ओरखडा न पडता पुढे पाठवायची वस्तू. आपण काही चुकतोय हे तिच्या गावीही नव्हतं. उलट मनातून खूशच होती, की किती निगुतीने वापरतोय आपण. तासांच्या रकान्यात रोज प्रामाणिकपणे ‘एक’ किंवा ‘दीड’ लिहीत होती.

दहाव्या दिवशी नमुनाबाईंनी तिला बोलावलं. बूट हातात घेतले, उलटे केले, तळ बघितला, नळीत नाक खुपसून वास घेतला. सदतीस कौतुकाची वाट बघत उभी.

"हे तू घातलेस की पॅक केलेस?"

"म्हणजे काय बाई? घातले की."

"घोट्यापाशी सुरकुती कुठे आहे? तळाला घासल्याची खूण कुठे आहे? आतला नवा वास अजून तसाच आहे. दहा दिवस पायात असलेला बूट असा दिसतो?" त्यांनी पत्रक उचललं. "आणि हे काय? घोडा, समारंभ, सोफ्याचं कव्हर! अगं, हा कागद साहेबांना दाखवला तर ते मला उचलून खिडकीतून बाहेर टाकतील. मी तुला तुझे कपडे सांगितले होते. हे झालरीचं जाकीट तुझं आहे?"

"नाही. लेकीच्या मैत्रिणीच्या मावशीचं."

नमुनाबाईंनी कपाळावर हात मारला. सदतीसचं तोंड एवढंसं झालं. गादीची खुर्ची समोरच होती, तिच्या पाठीवर दुपारचं ऊन पडलं होतं, आणि आपण आपल्या हाताने ती घालवली हे तिला कळून चुकलं. रडू यायला लागलं, पण नमुनाबाईंसमोर रडायची प्राज्ञा कुणाची होती!

"पहिले दहा दिवस खोडून टाकू का?" तिने हळूच विचारलं. "नवं पत्रक घेते. सगळं नीट भरून देते."

"आणि सुरकुत्या कोण भरणार? खोडायचं काही नाही. चुकीचं घातलं तर चुकीचं घातलं असं लिही. चार दिवस उरलेत. जा आता."

त्या रात्री तिने पत्रकावर सरळ लिहिलं: ‘वरचे दहा दिवस बूट घातले नाहीत, मिरवले. जपून ठेवले. चूक माझी.’ लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कपाट उघडून उभी होती. सदतीसने कपाट बंद केलं. रोज धुण्याला घालायचा विटका निळा सुती झगा तिने अंगात चढवला, वर नवऱ्याचा राखाडी स्वेटर, बाह्या दुमडून. पायात मोजे, आणि बूट.

"आई! तू हे असं बाहेर जाणार?"

"मी रोज अशीच जाते."

"अगं, पण त्या बुटांवर हे..."

"बुटांनी मला शोभायचं, मी बुटांना नाही," सदतीस म्हणाली आणि खाली उतरली. असं काही आपल्या तोंडून निघेल हे तिचं तिलाही वाटलं नव्हतं.

सुट्टीचा दिवस होता. सुट्टीला ती वन्संच्या लाँड्रीत मदतीला जायची, आणि तिथे कामाचा डोंगर होता. एका मशीनने पाणी धरून ठेवलं होतं. सदतीस गुडघ्यावर बसली, जाळी काढली, त्यातून कुणाचं तरी बटण, दोन हेअरपिना आणि एक चिंध्या झालेलं पत्र निघालं, आणि मग बदाबदा साबणाचं पाणी आलं ते थेट बुटांवर. अकरा वर्षांच्या सवयीने हात फडक्याकडे धावला. तिने हात मागे घेतला. मेलं होऊ दे काय व्हायचं ते! झग्याच्या घोळाने दोन फटकारे मारले आणि ती पुढच्या कामाला लागली. दुपारपर्यंत तिने चादरींच्या बारा मोटा उचलल्या, चार वेळा जिना चढली, कोपऱ्यावरच्या दुकानातून साबणाची पोती आणली. वन्सं तिला दिवसभर बोलत होत्या. चादरीची घडी वाकडी घातली म्हणून बोलल्या, दार उघडं टाकलं म्हणून बोलल्या, वजन कमी झालंय, नीट जेवत नाहीस म्हणूनही बोलल्या. बुटांबद्दल चकार शब्द नाही.

रात्री जेवणं झाल्यावर तिने रकाने भरले. तास: अकरा. अंगात: निळा झगा, ह्यांचा स्वेटर. पायाला काय वाटलं: ‘सकाळी टाच आतल्या आत उचलली जात होती, दुपारनंतर बसली. खाली उकिडवं बसलं की नळीची मागची कड गुडघ्याच्या लवणीत टोचते.’ हे लिहून तिने स्वतःची पोटरी चाचपली, बोटांनी माप घेतलं आणि पुढे लिहिलं: ‘मागून दोन बोटं खाली उतरवावी. पुढून आहे तशी ठेवावी.’ मग शेवटच्या रकान्याशी पेन अडलं. लोक काय म्हणाले? कुणीच काही म्हणालं नव्हतं. तिने रकाना कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली, पांढरा शर्ट आणि खालून विरलेली जुनी जीन्स घालून. जीन्स बुटांवरून खाली सोडली होती, नुसतं टोक तेवढं डोकावत होतं. घोड्याची चौकशी करणारा तोच ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "ताई, जरा पुढे सरका, मागे जागा करा." बस्स. तेराव्या दिवशी लांब काळा स्कर्ट आणि कोपरावर रफू केलेला स्वेटर, बँकेत, भाजीला आणि लेकीच्या कॉलेजात. चौदाव्या दिवशी चौकड्यांचा घरचा फ्रॉक. लेक म्हणाली, "आई, हे बरं दिसतंय गं. मी आधीच म्हणणार होते." पण लेकीचं म्हणणं लोकांच्या रकान्यात कसं लिहायचं? घरचं माणूस ते घरचं माणूस. चारही दिवस तो रकाना कोराच राहिला. आधीचे दहा दिवस चुकीचे म्हणून तिने स्वतःच लिहून दिलेले, आणि बरोबर घातले त्या दिवसांचा रकाना रिकामा. साहेब म्हणणार, घातलेच नाहीत.

पंधराव्या दिवशी सकाळी तिची अशी काही तारांबळ उडाली, की विचारू नका. बुटांचं खोकं काढलं, पातळ कागद पसरला, लेक दारातून विचारत होती की साहेबांसमोर कानातले घालणार का, नवरा चहा देत होता, बस यायला तीन मिनिटं होती. तिने खोकं भरलं, झाकण लावलं, काखोटीला मारलं आणि धूम ठोकली.

नमुनाखोलीत विक्रीसाहेब आधीच येऊन बसले होते. माणूस तसा वाईट नव्हता. नेहमी घाईत असायचे आणि नेहमी त्यांना उकडायचं.

"किती कोंदट आहे हो इथे! ती वरची खिडकी उघडत नाही का?"

वरची खिडकी घट्ट बसली होती. सदतीसने स्टूल ओढलं आणि वर चढली. स्टूल डुगडुगायला लागलं, तसे साहेब उठले आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. "जपून, ताई. पाय नीट टेकवा. हां, तो डावा पाय थोडा आत घ्या." तिने खिडकीला दोन धक्के दिले, खिडकी उघडली, ती खाली उतरली. साहेब जागेवर बसले आणि त्यांनी पत्रक हातात घेतलं.

पहिल्या दहा दिवसांना ते मनापासून हसले. सोफ्याच्या कव्हरापाशी त्यांना ठसका लागला. मग शेवटच्या चार ओळी त्यांनी दोनदा वाचल्या.

"नळीचं निरीक्षण चांगलं आहे, हे मानलं. पण इथे लोकांचा रकाना कोरा का? बसमध्ये गेलात, बँकेत गेलात, बाजारात गेलात, आणि एकही माणूस काही बोलला नाही? असले बूट पायात असताना? ताई, स्पष्ट बोलतो. हे शक्य नाही. समोरच्याच्या नजरेत आल्याशिवाय राहतील का हे बूट? तुम्ही घातलेच नसणार."

"घातले हो साहेब! शपथ सांगते."

"मग बूट दाखवा. तळ बघू."

सदतीसने घाईघाईने खोकं पुढे ओढलं, झाकण काढलं, पातळ कागद बाजूला केला. आत तिच्या घरातल्या सपाता होत्या. जुन्या, मऊ, डाव्या सपातेला अंगठ्यापाशी भोक.

सदतीसच्या तोंडचं पाणी पळालं. नमुना हरवला! कारखान्याचा एकुलता एक नमुना! बसमध्ये राहिला का? दारात राहिला? सकाळी तिने सपाता काढल्या होत्या, त्या खोक्यात गेल्या, मग बूट... बूट कुठे ठेवले होते? तिने खोकं उलटं करून हलवलं, टेबलाखाली बघितलं, खुर्चीमागे बघितलं. साहेबही उठून कपाटामागे डोकावायला लागले.

नमुनाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. तोंडावर हात धरून त्या हसत होत्या, आधी जराशा, मग गदगदून. "अगं बये," त्या कशाबशा म्हणाल्या, "खाली बघ."

सदतीसने खाली बघितलं. साहेबांनीही खाली बघितलं. चौकड्यांच्या फ्रॉकखाली, घोट्याला छान सुरकुत्या पडलेले, टोकाला साबणाचा पांढरट डाग पडलेले काउबॉय बूट तिच्या पायात होते. रोजच्यासारखे सकाळी चढवले होते आणि विसरून गेली होती.

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. "पण मी... मी स्टूल धरलं होतं ना?"

"धरलं होतंत," नमुनाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "नाकासमोर वीतभर अंतरावर होते. डावा पाय आत घ्या म्हणालात." त्यांनी पेन पुढे केलं. "चार दिवस कोरे आहेत, पाचवा तुम्ही भरा. लोक काय म्हणाले ते लिहा."

साहेबांनी पेन घेतलं. मग हसले, आणि लिहिलं: ‘काही म्हणालो नाही. दिसलेच नाहीत.’ खाली सही केली.

बूट बनवायचे ठरले, मागून दोन बोटं उतरवून. आणि खुर्ची सदतीसला मिळाली. नमुनाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी नवीन पत्रक मागत होतीस, चूक लपवून ते भरून दिलं असतंस तर खुर्ची दिली नसती. बस जरा, कशी वाटते बघ." सदतीस बसली. गादी थोडी खचली. अकरा वर्षांनी कारखान्यात ती पहिल्यांदा पाय जमिनीवरून सैल सोडून बसली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

"रडतेस काय? बूट काढ आता. घातलेला नमुना आम्ही उभा कापतो, आतून कसा झिजला ते बघायला. उद्याचं तुझं पहिलं काम तेच."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बूट काढले, टेबलावर ठेवले, आणि एकदा हात फिरवला. पुसायला नव्हे, उगीचच. हसायचं तर हसा, पण तिला आतून गलबलून आलं.

घरी जायला पायात दुसरं काय असणार? त्या सपाता घालून ती बसमध्ये चढली आणि अख्ख्या बसने तिच्या पायांकडे बघितलं. तिने मान ताठ ठेवली. बसमधून उतरली ती तडक वन्संच्या लाँड्रीत शिरली.

"वन्सं, मला खुर्ची मिळाली!"

वन्संनी इस्त्री आपटून ठेवली, काउंटरला वळसा घालून आल्या आणि तिला असं घट्ट धरलं, की तिला श्वास घेता येईना. "बसलीस बाई एकदाची! किती दिवस मी म्हणत होते!" मग त्यांनी तिला हातभर लांब धरून वरून खाली बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अगं, पण हे काय घालून आलीस? बूट कुठे गेले तुझे?"

सदतीसने चमकून विचारलं, "म्हणजे तुम्हाला दिसले होते?"

"डोळे फुटलेत का माझे? त्या दिवशी दिवसभर पायात होते की."

"मग बोलला का नाहीत काही?"

"त्यात काय बोलायचं?" वन्सं म्हणाल्या. "तुझेच वाटत होते."

खरं तर रकान्यात लिहायचं ते हेच होतं. पण पत्रक जमा झालं होतं आणि साहेबांची सहीही झाली होती. सदतीस लाँड्रीच्या बाकावर बसली, सपाता काढल्या आणि पाय लांब केले.